उजवी बाजू

वारलू कोवे चार पायांवर चालत माझ्याकडे येत होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अंगात विटका खाकी शर्ट, गुडघ्यांना पोत्याचे तुकडे सुतळीनं बांधलेले, आणि चेहरा इतका गंभीर की खऱ्या वाघानंही शिकून घ्यावं. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांना कॅमेरे बांधले होते. त्यांच्या मधोमध ते पोचले आणि दोन्हीकडून फ्लॅश उडाला.

"झाला का तुमचा वाघ?" त्यांनी जमिनीवरूनच विचारलं.

"झाला. उठा आता."

"शेपूट आली का जी फोटोत?"

ही आमची रोजची थट्टा होती. कॅमेरा वाघाच्या उंचीला बसलाय की नाही हे पाहायचं तर कुणीतरी वाघाच्या उंचीचं होऊन त्याच्यासमोरून जावं लागतं. मी सव्वीस वर्षांची, नाशिकहून पदवी घेऊन आलेली संशोधक. रांगण्याचं काम अर्थातच वनमजुराचं. त्यामुळे आमच्या प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो वारलूजींचा असायचा आणि संगणकात उतरवला की मी तो वेगळ्या फोल्डरात ढकलून द्यायची. त्या फोल्डरला मी नाव दिलं होतं 'फालतू'.

"मॅडम, माझा एक वाघाचा फोटो छापून द्या ना," गुडघे झटकत वारलूजी म्हणाले. "माह्या घरवालीचा, जैवंताचा विश्वास नाही. म्हनते, सरकार कोनाले रांगाची नौकरी देते का?"

"देते ना. पुढच्या वेळी तालुक्याला गेले की आणते."

हे मी डिसेंबरात म्हणाले होते. तालुक्याला त्यानंतर पाच-सहा वेळा जाऊन आले. फोटो काही आणला नाही.

कॅमेरे दोन कशाला, हे इथंच सांगून टाकते. वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे वेगळे, उजव्या अंगावरचे वेगळे. एकाच बाजूचा फोटो मिळाला तर वाघ अर्धाच ओळखू येतो. म्हणून वाटेच्या दोन्हीकडून एकाच वेळी फोटो घ्यायचे, दोन्ही बाजू जोडायच्या आणि त्या वाघाला क्रमांक द्यायचा. माझ्या वहीत कोसमतळी गावाच्या रानातले असे नऊ वाघ होते. ती वही मी उशाशी घेऊन झोपायची. पट्टे ओळखण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, असं तेव्हा मला वाटायचं, आणि मी ते लोकांनाही वाटायला लावलं होतं.

त्या डिसेंबरात नाल्याजवळची कार्डं काढायला गेलो, तेव्हा वारलूजी वाटेवर उकिडवे बसून धूळ पाहत राहिले.

"दोन होते जी. एकामागं एक."

मी कार्डं तिथंच पाहिली. डाव्या कॅमेऱ्यात एक फोटो, वाघाची डावी बाजू, वेळ पहाटेचे पाच बावन्न आणि दहा सेकंद. उजव्या कॅमेऱ्यात एक फोटो, उजवी बाजू, पाच बावन्न आणि अठ्ठेचाळीस सेकंद.

"एकच आहे, वारलूजी. कॅमेऱ्यातली घड्याळं पुढंमागं होतात."

"पन मॅडम, पंज्यावर पंजा हाय."

"कालचा असेल तो."

ते उठले. मी दोन्ही बाजू जोडल्या आणि वहीत लिहिलं : के-सात, मादी. डाव्या खांद्यावर तीन टिंबं, उजव्या मांडीवर बेचकीसारखा पट्टा.

एप्रिल उजाडला तसं सगळं बिघडलं. आधी एक गुराखी गेला, आठ दिवसांनी सरपणाला गेलेली एक म्हातारी. दोघांनाही वाकलेलं असताना वाघानं धरलं होतं. ऐन मोहाचे दिवस. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो आणि तो वाकूनच वेचावा लागतो. गावातल्या बायका घरात बसल्या, फुलं झाडाखाली सडायला लागली आणि रेंज ऑफिससमोर रोज दोन-तीनशे माणसं जमू लागली. रेंजर नन्नावरे साहेब भला माणूस, पण त्या आठवड्यात त्यांचाही आवाज बसला होता.

"मॅडम, मला एकच सांगा," ते म्हणाले. "कोणता? पकडायची परवानगी एकाच वाघाची मिळते. चुकीचा धरला तर तो जन्मभर पिंजऱ्यात जाईल, आणि खरा इथंच राहील, बायकांच्या अवतीभवती."

म्हातारी सापडली त्या जागी मी दोन कॅमेरे लावले होते. एक कुणीतरी रागाच्या भरात दगडानं फोडला. दुसऱ्यात तिसऱ्या दिवशी वाघ आला, त्याच जागेकडे परतलेला. फक्त उजवी बाजू. नर की मादी ते त्या कोनातून कळत नव्हतं, पण मांडीवरची बेचकी लख्ख दिसत होती. मला वही उघडायचीही गरज पडली नाही.

"के-सात," मी म्हणाले. "शंभर टक्के."

चार दिवसांनी ती नाल्याच्या पाण्यात बसलेली सापडली. डाव्या खांद्यावर तीन टिंबं. जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शनाची बंदूक चालवली, ती वीस-पंचवीस पावलं गेली आणि करंजाखाली उजव्या कुशीवर कलंडली. उन्हाचा पारा त्रेचाळीसवर, डॉक्टर तिच्या अंगावर पाणी ओतताहेत, मागं दोरीपलीकडं अख्खा गाव ओरडतोय. मी वही घेऊन वाकले आणि टिंबं मोजली. एक, दोन, तीन.

"हीच."

वारलूजी तिच्या पायांशी उभे होते. "पालटून पाहाची का जी? दुसरी बाजू?"

डॉक्टर खेकसले, "तिचा ताप वाढतोय. उचला आधी!"

"गरज नाही," मी म्हणाले.

आठ जणांनी तिला झोळीत घालून पिंजऱ्यात ठेवलं. गावात त्या संध्याकाळी बुंदी वाटली. सरपंचांनी मला नारळ दिला. वारलूजींची बायको जैवंताबाई गर्दीतून वाट काढत आली. ठेंगणी, तोंडाळ, हसरी बाई. माझा हात धरून तिनं विचारलं, "आता मोहाले जाऊ ना जी आम्ही?"

"जा. खुशाल जा."

मला त्या क्षणी खरंच तसं वाटत होतं. एवढं तरी माझ्या बाजूनं लिहू दे.

त्यानंतर सहाव्या दिवशी मी दुपारची खोलीवर बसून तालुक्याला जायची तयारी करत होते. वारलूजींच्या फोटोची आठवण झाली. इतके दिवस टाळलं होतं, आता आनंदाचे दिवस होते, म्हटलं आज छापूनच आणू. 'फालतू' उघडलं आणि नाल्याजवळचे डिसेंबरातले दोन फोटो काढले. डावीकडून एक वारलूजी, उजवीकडून एक वारलूजी. दोन्हींत गालफडं फुगवलेली. कुठला छापावा म्हणून मी ते शेजारी शेजारी ठेवले.

खाली वेळ होती. डाव्यावर चार वीस आणि पाच सेकंद. उजव्यावर चार वीस आणि पाच सेकंद.

घड्याळं बरोबर होती.

 मी वाघाचे त्या पहाटेचे फोटो पुन्हा काढले. दहा सेकंद आणि अठ्ठेचाळीस सेकंद. मधे अडतीस सेकंदांचं अंतर. वाघाला ती वाट ओलांडायला दोन सेकंदही लागत नाहीत. पुढं एक गेला होता, त्याच्यावर उजवा कॅमेरा उडालाच नव्हता. मागून दुसरा आला, तोवर डाव्याचा फ्लॅश परत भरला नव्हता. दोन मोठे वाघ असे एकामागं एक चालत नाहीत; म्हणजे पुढची आई, तिच्या मागं तिचा वाढलेला पोरगा, आईएवढाच दिसणारा. मी आईची डावी बाजू आणि पोराची उजवी बाजू शिवून रानात नसलेला एक वाघ तयार केला होता. माणसं मारली होती बेचकीनं. पिंजऱ्यात गेली होती टिंबं.

 वही तशीच काखोटीला मारून मी रेंज ऑफिस गाठलं.

नन्नावरे साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही तोडलं नाही. मग दार लावून घेतलं.

"तुम्ही चूक झाली म्हणताय, की शंका आहे म्हणताय?"

"पिंजऱ्यातल्या वाघिणीची उजवी बाजू पाहिली की लगेच कळेल."

"वाघीण ठेवलीय तिकडं मी फोन लावतो. फोटो मागवतो, दोन दिवस लागतील. तोवर तुम्ही उद्याच नवे कॅमेरे लावा. तो पोरगा इथं आहे याचा पुरावा आणा. पण आज गावात काही बोलू नका. नुसत्या शंकेवर मी दवंडी दिली तर उद्यापासून आपल्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. रानात विष पडेल, मॅडम. मग नऊच्या नऊ मरतील. दोन दिवस."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. गावासमोर उभं राहून 'चुकले' म्हणायचं दोन दिवस लांबलं होतं. कदाचित उजव्या बाजूला बेचकी निघेलही, अशी एक वेडी आशा मी त्या रात्री धरून झोपले. ऑफिसातून तशीच तालुक्याला जाऊन दुकानातून छापून आणलेला वारलूजींचा फोटो पिशवीत होता.

सकाळी उजाडता उजाडता आम्ही दोघं निघालो.

"वाघीन तं धरली," वारलूजी म्हणाले. "आता कॅमेरे कायले जी?"

"नेहमीचं काम आहे."

गावाबाहेर वळणावर बायकांचा घोळका भेटला. सात-आठ जणी, डोक्यावर टोपल्या. पुढं जैवंताबाई.

"मॅडम, फोटो आनला का माह्या वाघाचा?"

मी पिशवीतून फोटो काढून दिला. तिनं तो लांब धरला, जवळ धरला आणि असं हसू फुटलं तिला की टोपलीच पडली. "बाप्पा! पाहा व बाई, माहा बुढा कसा रांगून रायला! लेकराच्या वक्ती कधी घोडा झाला नाही, अना सरकारसाठी वाघ झाला!" फोटो या हातातून त्या हातात गेला. वारलूजी लाजून पुढं चालायला लागले.

मी थांबले. 

"सगळ्या जणी एकत्र राहा," मी म्हणाले. "आवाज करत राहा. आणि फार वाकू नका."

"वाकल्याबिगर मोहा कसा वेचाचा, बाई?" जैवंताबाई म्हणाली आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

मीही हसले. त्या डावीकडे वळल्या, आम्ही उजवीकडे.

नाल्याच्या वरच्या अंगाला, बायकांपासून अर्ध्या कोसावर, मी कॅमेरे बांधले. वारलूजींनी पोत्याचे तुकडे गुडघ्यांना आवळले आणि गवतातून रांगत आले. दोन्ही फ्लॅश उडाले. मी वेळा मिळवून पाहिल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. मग आम्ही पुढच्या जागेकडे निघालो. तिथं तार आवळत असताना ओरडणं ऐकू आलं. आधी एक आवाज, मग खूप आवाज एकदम.

वारलूजी धावले. या वयाचा माणूस इतका धावू शकतो हे मला माहीत नव्हतं. मी पोचले तेव्हा बायका एका मोहाखाली एकमेकींना धरून उभ्या होत्या आणि वारलूजी त्यांच्यात एकेकीचं तोंड पाहत फिरत होते. सगळ्या होत्या. एकच नव्हती.

"वाकली होती जी," एकजण म्हणत होती. "आमच्या बाजूलेच होती. वाकली होती."

जैवंताबाई शंभरेक पावलांवर करवंदीच्या जाळीत सापडली. माणसांच्या आरड्याओरड्यानं वाघ तिला टाकून गेला होता. त्याचा काही उपयोग नव्हता. वारलूजींनी आपला शर्ट काढून तिच्यावर घातला आणि तिथंच खाली बसले. थोड्या वेळानं एक म्हातारी पुढं आली. फोटो फिरत फिरत तिच्याकडं राहिला होता. काय करावं ते न कळून तिनं तो वारलूजींच्या हातात दिला.

दुपारी मी वरच्या अंगाचं कार्ड काढलं. पहिला फोटो वारलूजींचा, सहा बावन्न. दुसरा वाघाचा, सात एकवीस. उजव्या मांडीवर बेचकी. मधे काहीच नव्हतं. आम्ही तिथून हललो आणि अर्ध्या तासात तो त्याच वाटेनं, त्याच गवतातून खाली उतरला होता.

त्याला आठवड्याच्या आत पकडलं. या वेळी दोन्ही बाजू पाहिल्या. मी स्वतः त्याला पालटायला हात लावला. अहवालात 'नव्यानं मिळालेल्या माहितीनुसार' असे शब्द आले. ते मीच लिहिले होते. नन्नावरे साहेब आणि मी त्या बंद दाराआडच्या बोलण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. वाघीण मात्र परत आली नाही. एकदा पिंजरा लागलेलं जनावर रानात सोडायला कुणी तयार होत नाही. पुढं एकदा मी तिला पाहायला गेले. जाळीपलीकडं ती भिंतीला धरून येरझारा घालत होती. वळली तेव्हा तिची उजवी बाजू मी पहिल्यांदा पाहिली. मांडीवर साधे, सरळ, समांतर पट्टे होते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

जैवंताबाई गेल्यावर बारा दिवसांनी मी वारलूजींच्या घरी गेले. अंगणात सारवलेल्या जागेवर मोहफुलं वाळत घातली होती, तिनं आधीच्या दिवसांत वेचलेली. कुणी उचलली नव्हती. वारलूजी ओट्यावर बसले होते. मी वाटभर शब्द जुळवत आले होते, ते सगळे विसरले.

"वारलूजी, वाघीण चुकीची धरली होती. तुम्ही म्हणाला होतात दोन आहेत. माझं चुकलं."

"मालूम हाय जी. दुसरा धरला तवाच समजलं."

"ते नाही. मला आदल्या दिवशी कळलं होतं. दुपारीच. बायका मोहाला निघाल्या तेव्हा मला माहीत होतं. मी बोलले नाही."

 राग येईल, शिवी देतील, उठून जातील, कशालाही मी तयार होते. त्यांनी सावकाश विचारलं,

"मले त्या गवतात रांगाले लावलं, तवा मालूम होतं तुमाले?"

हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. बारा दिवस मी रडत होते, जेवत नव्हते, नाशिकला परत जायचं ठरवत होते, पण तो वाघ जिथून जाणार असं मला वाटत होतं, नेमक्या त्याच जागी मी या माणसाला चार पायांवर चालायला लावलं होतं, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. रांगायचं काम त्यांचं. ते त्यांचंच होतं इतकं की त्यात माणूस आहे हे मला दिसलंच नाही.

"होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग आत जाऊन झोपले. मी अंगणात उभी राहिले, मग निघून आले.

नोकरी सोडण्याचा अर्ज लिहिला होता. दिला नाही. दिला असता तर सुटले असते, म्हणून दिला नाही. जूनच्या सुरुवातीला एका सकाळी वारलूजी कामावर हजर झाले. त्यांनी कॅमेऱ्यांची पिशवी खांद्याला लावली. नाल्यापाशी गेलो, त्यांनी झाडं निवडली, तारा आवळल्या, कार्डं घातली. सगळं झाल्यावर ते बाजूला जाऊन उभे राहिले. मी वाट पाहत होते. ते जागचे हलले नाहीत.

मग त्यांनी खिशातून पोत्याचे ते दोन तुकडे काढले आणि माझ्यापुढं धरले.

मी ते गुडघ्यांना बांधले. सुतळी नीट आवळता येईना, तेव्हाही ते मदतीला वाकले नाहीत. मी हात जमिनीवर टेकले. खडे तळव्यांत रुतले. गवत एकदम डोक्याच्या वर गेलं. वाट दिसेनाशी झाली, मागं काय आहे ते कळेना, आणि पाठ इतकी उघडी पडली की मला पुढं सरकवेना.

"चाला," वारलूजी म्हणाले.

मी दोन हात पुढं गेले आणि मान वर केली.

"वर नका पाहू जी. मोहा वेचनारी बाई वर पाहत नाही."

मी मान खाली घातली. दोन्ही बाजूंनी फ्लॅश उडाला.

या गोष्टीला चौदा वर्षं झाली. वारलूजी निवृत्त झाले, माझ्या हाताखाली आता पाच जण आहेत, पण रांगायचं काम मी कुणाला सांगत नाही. प्रत्येक कार्डावरचा पहिला फोटो माझा असतो. तो मी पुसत नाही. डावी-उजवी वेळ मिळवून पाहते, आणि मगच पुढचा फोटो उघडते.